बरणीबाहेरचा लॅम्प्री

मी ऑस्ट्रेलियात दहा महिने राहिले आणि त्यातले तीन दिवस ऑस्ट्रेलिया पाहिला. उरलेले दिवस वेरिबीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालण्यात गेले. त्या अंगणाचंही वर्णन करता येईल, पण तिथे जायला कुणाला व्हिसा काढावासा वाटेल असं नाही. म्हणून त्या तीन दिवसांबद्दलच लिहिते.

वेरिबी हे मेलबर्नचं पश्चिमेकडचं उपनगर. तिथे माझा मुलगा निनाद राहतो. फेब्रुवारीत मी तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. नात आर्वी नुकतीच शाळेत जायला लागली होती, सून केतकी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये शिफ्टला, निनाद दिवसभर मीटिंगमध्ये. तिघांना मिळून एक आजी हवी होती. हे चिपळूणलाच राहिले. ह्यांना विमान सोसत नाही असं ह्यांचं म्हणणं आहे. हे विमानात कधी बसलेले नाहीत.

मार्चमध्ये जग बंद झालं. माझं मे महिन्याचं तिकीट आधी पुढे गेलं, मग रद्द झालं, मग घरात त्याबद्दल बोलणंच बंद झालं. मधे काही महिने तर असे होते की दिवसातून एक तास बाहेर पडायचं, तेही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. त्या पाच किलोमीटरांत एक सुपरमार्केट, एक तळं आणि मला बघून न उडणारी बदकं होती. आर्वीची शाळा लॅपटॉपवर भरायची. समोर बसवून ठेवायचं काम माझं. मी तिच्याशी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आम्हा दोघींनाही आपण एकाच भाषेत बोलतोय असं वाटायचं.

आता लॅम्प्रीकडे येते. मी चिपळूणच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या कपाटात एका बरणीत लॅम्प्री होता. बाम माशासारखा लांबट, फॉर्मलिनमध्ये पिवळा पडलेला, वेटोळं घालून बसलेला, आणि गोल तोंड काचेला टेकवलेलं. ह्या माशाला जबडेच नसतात. तोंड म्हणजे एक वाटी, वाटीत आतून कड्याकड्यांनी शिंगाच्या द्रव्याचे दात, आणि मधोमध दातेरी जीभ. मोठ्या माशाच्या अंगाला तो ही वाटी लावतो, चिकटतो, जिभेनं कातडी किसतो आणि रक्त पितो. रक्त गोठू नये म्हणून तोंडातून एक द्रव सोडतो. पोट भरलं की सुटतो. हे सगळं मी एकतीस वर्षं सांगितलं, फळ्यावर काढलं, परीक्षेत विचारलं. जिवंत लॅम्प्री काही मी पाहिला नव्हता. भारतात तो नसतोच. आमच्या विभागात तो कुणीही पाहिला नव्हता, आणि ह्या गोष्टीचा आम्ही कधी उल्लेख करत नसू.

ऑक्टोबरात आर्वीला शाळेकडून प्रकल्प आला: आपल्या राज्यातल्या नदीतला एक प्राणी. तिनं नेटवर शोधलं आणि मला हाक मारली, "Aaji, look, vampire fish!"

मी चष्मा लावला. काच नाही, फॉर्मलिन नाही. ओल्या दगडाला तोंड लावून बसलेला, निळसर चंदेरी. इथून तीन तासांवरच्या नदीत.

"हा व्हॅम्पायर नाही," मी म्हटलं. "हा माझा लॅम्प्री आहे."

"Yours?" आर्वीनं विचारलं. तिला तो आवडला होता, आणि मालकीचा प्रश्न आला म्हणून ती जरा नाराज झाली.

वॉर्नम्बुलच्या अलीकडे एका नदीवर बंधारा आहे. माशांना तो चढता यावा म्हणून बाजूनं पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा रस्ता बांधलाय, त्याला तिकडे फिशवे म्हणतात. तिथे वसंतात, म्हणजे तिकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर, पिंजरा लावून कोणते मासे चढतात ते मोजतात. नेटवरच्या त्या पानावर एक ईमेल पत्ता होता. मी कुणाला न विचारता लिहिलं: 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' पासून सुरुवात करून माझं शिक्षण, अनुभव आणि विनंती, एकूण चार परिच्छेद. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'हाय सुनंदा, नो वरीज. रस्ते उघडले की शनिवारी सकाळी आठला ये. गमबूट आण. मेरे.' एकतीस वर्षं मला सगळे मॅडम म्हणत होते. सुनंदा म्हणणारे माझे वडील गेले, आणि आता ही मेरे. मेरे हे तिचं नाव होतं. हिंदीतलं नव्हे.

निनादला सांगितल्यावर तो मोबाइल घेऊनच आला. "आई, हे वाचलंस का? हा मासा माणसाच्या... म्हणजे, नको तिथून आत शिरतो."

"तो वेगळा. त्याला कॅन्डिरू म्हणतात. तो ॲमेझॉनमध्ये."

हा प्रश्न मला नवीन नव्हता. दर वर्षी शेवटच्या बाकावरून कुणीतरी हाच प्रश्न कुजबुजत विचारायचं आणि बाकीचे वहीत बघायचे. कॅन्डिरू मार्जारमाशांच्या कुळातला, काडीएवढा, जवळजवळ पारदर्शक. मोठ्या माशाच्या कल्ल्यात घुसतो, तिथल्या रक्तवाहिनीला चावतो आणि रक्त आपोआप त्याच्या पोटात भरतं. ओढावंही लागत नाही. दोनेक मिनिटांत टम्म फुगून बाहेर. माणसाच्या बाबतीत ज्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक ऐकीव आहेत. हे सगळं मी निनादला सांगितलं. तो माझाच मुलगा, पण त्यानं इंजिनिअरिंग केलं.

"म्हणजे हा रक्त पितो, पण आत शिरत नाही," तो म्हणाला.

"हो."

"ओके," तो म्हणाला, आणि केतकीनं केबिन बुक केली.

शुक्रवार, रस्त्यात

नोव्हेंबरात मेलबर्नकरांना शहराबाहेर जायची परवानगी मिळाली आणि पहिल्याच शुक्रवारी सगळे मेलबर्नकर बाहेर पडले. जिलाँगपर्यंत आम्ही त्यांच्यामागून गेलो. पुढे ते समुद्राकडे वळले आणि आम्ही सरळ.

कोलॅकच्या पुढे गायी आहेत. इतर काही असेल तर मला दिसलं नाही. हिरव्या उतारांवर काळ्यापांढऱ्या गायी, गुराखी नाही, घंटा नाही, एकही गाय रस्त्यात बसलेली नाही. केतकी म्हणाली, "आई, किती शांत वाटतं ना?" मला त्या गायी कुणीतरी मांडून ठेवल्यासारख्या वाटल्या. एका वळणावर आर्वीनं "I feel yuck" असं जाहीर केलं आणि पिशवी शोधेपर्यंत माझ्या ओढणीत उलटी केली. तिथे एका शेताच्या कुंपणाशी गाडी थांबवून मी ओढणी धुतली. आठ-दहा गायी येऊन कुंपणापलीकडे उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत बघत होत्या. नऊ महिन्यांत माझ्याकडे एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

दुपारी फिश अँड चिप्स खाल्ले. इथे माशाच्या दुकानात फलकावर माशाचं नाव 'फ्लेक' असं असतं. असा मासा मी शिकवला नव्हता. बाहेरच्या बाकावर पुडा उघडला, पिठाचं कवच फोडलं, एक घास घेतला. पांढरं, घट्ट, आणि एकही काटा नाही.

"ही मुशी आहे," मी म्हटलं.

"काय?"

"शार्क. चिपळूणला सुक्या मुशीचं कालवण करत नाही का मी? ह्याला काटे नसतात, कूर्चा असते. बघ."

निनाद हा पदार्थ सहा वर्षं दर शुक्रवारी खात होता. त्यानं हातातल्या तुकड्याकडे बघितलं. केतकी शाकाहारी, तिनं स्वतःचे बटाट्याचे चिप्स थोडे आपल्याकडे ओढून घेतले. आर्वी म्हणाली, "Cool," आणि बापाचा तुकडाही खाल्ला. चव म्हणाल तर बरी होती. मुशीला हळद, तिरफळ आणि थोडी आमसुलं लागतात, हे त्या देशात अजून कुणाला समजलेलं नाही.

त्याच दिवशी, केबिनबाहेर

केबिन म्हणजे चाकं काढलेल्या रेल्वेच्या डब्यासारखी खोली, आणि बाहेर सगळ्यांसाठी भाजायची सार्वजनिक शेगडी. तिकडे नोव्हेंबरात संध्याकाळी साडेसातलाही लख्ख उजेड असतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन. हे जेवून आडवे व्हायच्या आधीची वेळ. मी फोन लावला.

"काय जेवलात?"

"वरणभात." नऊ महिने ह्यांचं हेच उत्तर होतं.

"उद्या मी लॅम्प्री बघणार आहे."

"बघ. मजेत आहेस ना तिथं? राहा आता." मग म्हणाले, "दोनदा जागा मिळत होती, दोनदा तू आली नाहीस. म्हटलं नातीपाशी रमली असेल. मी कशाला मधे बोलू?"

मला कळेना. "कसली जागा?"

"परतीच्या खास विमानात. ऑगस्टमध्ये एकदा, आणि दसऱ्याच्या आधी. निनाद म्हणाला, आई आत्ता नाही येत."

समोर आर्वी झोपाळ्यावर होती. तिच्याकडे बघत मी उभी राहिले.

"मला कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं. "जागा होती हे मला आत्ता तुमच्याकडून समजतंय."

पलीकडे पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तू नको म्हणाली नव्हतीस."

"नाही हो."

"बरं," हे म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांचे सगळे 'बरं' ऐकलेत. हा नवीन होता. मग म्हणाले, "ठेवतो. दूध उतू जाईल."

दुपारी दोन वाजता आमच्याकडे गॅसवर दूध नसतं.

ऑगस्टपासून नोव्हेंबर. म्हणजे तीन महिने हा माणूस रोज दुपारी दोन वाजता मला वरणभात सांगत होता आणि मनात धरून बसला होता की बायकोला परत यायचं नाही. मी त्यांना तळ्यातल्या बदकांच्या गमती सांगत होते.

निनाद शेगडीवर मक्याची कणसं आणि पनीर भाजत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"तू माझ्या वतीनं दोनदा 'नाही' असं कळवलंस?"

त्यानं चिमटा खाली ठेवला नाही. "बाबा बोलले?"

"हो."

"आई, ऑगस्टमध्ये तिकडे काय चाललं होतं माहितीय ना तुला? तू रोज बातम्या बघत होतीस."

"बातम्या बघत होते. मला कुणी विचारलं नव्हतं."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

"हो."

"मग?" तो म्हणाला, जणू गणित सुटलं होतं.

केतकी दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, मी त्याला सांगितलं होतं, तुम्हाला विचार म्हणून. दोन्ही वेळा. पण मी पण... मला शिफ्ट होत्या, आर्वीची शाळा घरी. मी दुसऱ्यांदा जोर नाही केला." हे सांगायची तिला काही गरज नव्हती. तिनं सांगितलं.

निनादनं एक कणीस उलटं केलं. ते त्या बाजूनं करपलं होतं. "तिकडे बाबांना काही झालं तर मी जाऊ शकत नाही," तो म्हणाला. "मला इथून बाहेरच पडू देत नाहीत. तुला तिकडे काही झालं तरी मी जाऊ शकत नाही. म्हटलं, दोघांपैकी एक जण तरी माझ्या डोळ्यांसमोर असू दे. चुकलं असेल. पण मी रोज रात्री तेवढंच बघून झोपायचो, की तुझ्या खोलीत लाइट आहे."

त्याच्यावर ओरडायचं ठरवून मी शेगडीपाशी गेले होते. त्याऐवजी मी पनीर ताटात काढून घेतलं. राग मात्र गेला नाही. कणसं करपली होती तरी सगळ्यांनी संपवली.

शनिवार, सकाळी आठ

मेरे पन्नाशीच्या पुढची, माझ्या दीडपट रुंद, नारिंगी जाकिटात. ती मूळची न्यूझीलंडची, माओरी. मास्क होता, त्यामुळे हसली ते डोळ्यांवरून समजलं. "तू चार परिच्छेद लिहिलेस," ती मला म्हणाली. "मला आजवर कुणी चार परिच्छेद लिहिले नव्हते."

बंधारा छोटा, पुरुषभर उंचीचा. त्याच्या कडेनं काँक्रीटचे खण एकावर एक, आणि त्यातून पाणी उतरत येत होतं. वरच्या खणात पिंजरा. मेरेनं तो साखळीनं ओढून वर घेतला आणि मोठ्या टबात रिकामा केला. पाच-सहा बोटाएवढे मासे, एक बाम, आणि दोन लॅम्प्री.

बरणीतल्या लॅम्प्रीला रंग नव्हता. ह्यांना होता. एक तपकिरी, साधासा. दुसरा हातभर लांब, चंदेरी, पाठीवर निळसर-हिरव्या दोन रेघा. डोळ्याच्या मागे सात भोकं, कल्ल्यांची. मी मोजली. एकतीस वर्षं मुलांना सात सांगत आले होते, सातच निघाली.

"हा उशिरा आलाय," मेरे म्हणाली. "ह्याचे भाऊबंद हिवाळ्यातच वर गेले. आमच्याकडे ह्याला कनाकना म्हणतात. माझी आजी धबधब्यावर जाऊन हातानं काढायची. खडकाला चिकटून बसलेले असायचे, ओळीनं."

"आणि मग?"

"मग काय? खायची. धुरावर धरून. चरबी एवढी की बोटं पुसावी लागतात." तिनं वही उघडली. "इथे मी फक्त मोजते."

आर्वीनं टबाच्या काठावरून वाकून विचारलं, "What's he going to eat?"

मेरे म्हणाली, "काही नाही, लव्ह. समुद्रात असताना हा माशांना चिकटून पोट भरतो. एकदा नदीत शिरला की खाणं बंद. वर चढायचं, अंडी घालायची वेळ येईपर्यंत वर्षभर, सव्वा वर्षभर दगडाखाली थांबायचं, मग अंडी, मग मरायचं. पोटातलं आतडं सुकून दोरा होतं. हे दात आता नुसते धरून राहायला. प्रवाहात चढताना दमला की दगडाला तोंड लावून विसावा घेतो."

ही ओळ आमच्या पुस्तकात होती. बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी. पण एका वर्षी एका मुलीनं वर्गात विचारलं होतं, 'मॅडम, नदीत आल्यावर तो काय खातो?' तास संपत आला होता. मी म्हटलं होतं, 'मासे,' आणि डस्टर उचललं होतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं असणार. ती आता कुठेतरी शिकवत असेल तर तिच्या विद्यार्थ्यांनीही.

"हात लावू का?" मी विचारलं.

"ओला कर आधी."

मी दोन्ही हात टबात घातले. चंदेरी लॅम्प्री माझ्या बोटांमधून गेला, वळला, परत आला. अंग गुळगुळीत, खवलं नाहीत, आणि आतून सगळा स्नायू. मी त्याला अलगद उचललं. त्यानं डोकं वळवलं आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला तोंड लावलं.

ओल्या पेल्यात तोंड घालून आतली हवा ओढली की पेला ओठांना चिकटतो. लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. तसं वाटलं. फक्त इथे पेल्याला दात होते. टोचत नव्हते, पण आहेत हे कळत होतं, कड्याकड्यांनी. मी हात वर केला. लॅम्प्रीही वर आला आणि कोपरापर्यंत लोंबकळत राहिला.

केतकी किंचाळली. ती दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळते, पण नळ्या वळवळत नाहीत. निनादनं खिशातून सॅनिटायझर काढलं. नऊ महिने प्रत्येक संकटावर तो हाच उपाय करत आला होता.

"मेट, नो!" मेरे ओरडली. "अल्कोहोलनं मरेल तो!"

मग निनादनं बाटली टाकली आणि लॅम्प्रीलाच धरायला गेला. "आई, हलू नकोस, मी ओढतो."

"ओढू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातला निघाला. "ओढलंस तर जास्त घट्ट धरेल. हात पाण्यात घालते, आपणहून सुटेल."

"आणि नाही सुटला तर?"

"सुटेल. तू माझं कोपर धर."

त्यानं धरलं. मी मनगट टबात बुडवलं आणि आम्ही सगळे थांबलो. मेरेनं घड्याळ बघितलं नाही, मीही नाही. पाण्यात त्याची सात भोकं उघडत-मिटत होती. तोंड चिकटलेलं असतं तेव्हा तो तोंडानं श्वास घेऊ शकत नाही. त्याच भोकांतून पाणी आत घेतो, त्याच भोकांतून बाहेर सोडतो. हे मी परीक्षेत पाच मार्कांना विचारलं होतं. एवढ्या जवळून बघताना समजलं की पाच मार्क कमी होते.

निनादनं कोपर आणखी घट्ट धरलं. मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी माशाकडेच बघत राहिले. मग त्या वाटीची एक कड सैल झाली, आत पाणी गेलं, आणि तो सुटला. मनगटावर गोल तांबूस वळ उरला. रक्ताचा थेंबही नाही.

"He kissed you," आर्वी म्हणाली.

मेरेनं मला विचारलं, वर सोडायचं काम करशील का. मी टब धरून काँक्रीटच्या पायऱ्या चढले. निनाद दुसऱ्या बाजूनं टब धरून होता. बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात आम्ही टब तिरपा केला. तपकिरी लगेच गेला. चंदेरी जरा वेळ काठाच्या दगडाला तोंड लावून बसला, मग तोही गेला.

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. खाली मेरे आर्वीला वहीत आकडे कसे लिहायचे ते दाखवत होती.

"दुखतंय?" निनादनं विचारलं.

"नाही."

"आई." तो पाण्याकडे बघून बोलत होता. "डिसेंबरच्या विमानांची यादी आलीय. परवा आली."

मी हात पुढे केला. "फोन दे. मेल मी लिहिते."

"मेल नसतो गं. फॉर्म असतो."

"मग फॉर्म भरते."

त्यानं फोन दिला. मास्कमुळे चष्म्याची काच वाफाळत होती, म्हणून मास्क खाली ओढला आणि एकेका बोटानं भरलं: नाव, पासपोर्ट, वय, आजार. शेवटी प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी 'होम' लिहिलं. फॉर्म म्हणाला, किमान वीस अक्षरं हवीत. मी पुढे लिहिलं, माय हजबंड इज अलोन सिन्स फेब्रुवारी. फॉर्मनं ते घेतलं. पाठवायचं बटण सापडेना. ते निनादनं दाबलं.

दाबून झाल्यावर तो तिथेच उकिडवा बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. चाळिशीच्या जवळ आलेला माणूस, पायात शेजाऱ्याकडून मागून आणलेले गमबूट. मी त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला. माझा राग अजून होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

रविवार

परतताना पाऊस लागला. गायी भिजत उभ्याच होत्या. दुपारी दोनच्या हिशेबानं मी ह्यांना फोन केला आणि फॉर्म भरल्याचं सांगितलं. हे म्हणाले, "आणि तो मासा?" मी सगळं सांगितलं, चिकटला ते, सुटला ते. ह्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसा लागतो?"

"खाल्ला नाही हो."

"एवढं जाऊन?" हे म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

चिपळूण

जागा डिसेंबरच्या मध्यात मिळाली. विमानतळावर निनाद आणि केतकी दाराबाहेरच थांबले. आर्वी मला मराठीत म्हणाली, "आजी, नीट जा." दहा महिन्यांतलं तिचं हे पहिलं सलग मराठी वाक्य. मी ते ऐकून न रडता आत गेले. नंतरच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही; चेहऱ्यावर दोन मास्क आणि एक प्लास्टिकचा पडदा होता, बाहेर काय घडलं ते मला नीटसं दिसलं नाही. मुंबईत हॉटेलात सात दिवस, मग घरी वरच्या खोलीत सात दिवस.

घरात असूनही मी ह्यांना भेटले नव्हते. हे ताट जिन्यावर ठेवून दार वाजवायचे आणि खाली जायचे. ताटात वरणभात असायचा. खरंच वरणभातच असायचा. मला वाटायचं फोनवर खोटं सांगतात. पहिल्या दिवशी वरण कच्चट होतं, चौथ्या दिवशी फोडणीत लसूण आला. संध्याकाळी हे जिन्यात खुर्ची टाकून बसायचे आणि मी दाराआडून तिकडच्या गोष्टी सांगायचे. इथे लिहिलेलं बरंचसं असंच आधी दाराला सांगून झालेलं आहे. बदकांच्या गोष्टी मात्र हे ऐकायला तयार नव्हते. त्या तीन महिन्यांतल्या होत्या.

एका संध्याकाळी मी विचारलं, "तुम्ही मला सरळ का नाही विचारलंत? का येत नाहीस म्हणून?"

जिन्यातली खुर्ची करकरली. मग हे म्हणाले, "विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर? खरंच यायचं नाही म्हणून?"

आठव्या दिवशी सकाळी मी दार उघडून खाली आले. हे बागेत नळाखाली काहीतरी धूत होते, त्यांनी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवावं म्हटलं. कपाट उघडलं तर डबे सगळे हलवलेले. तांदूळ वर, पोहे खाली, माझ्या मसाल्याच्या डब्याच्या जागी ह्यांच्या गोळ्या. प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी, बँकेच्या नोकरीत हे लिहीत त्याच नीटस अक्षरात: तूरडाळ, मूगडाळ, साखर. कढया मोठीपासून लहानपर्यंत ओळीनं. साणशी खिळ्याला. एका माणसानं दहा महिने एकट्यानं शिकलेलं स्वयंपाकघर होतं ते.

मला तिथे साधा चहासुद्धा करता येईना. मी काहीही हलवलं नाही. मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "अहो, चहापत्ती कुठे ठेवलीय?"

ह्यांनी नळ बंद केला. ओले हात धोतराला पुसत, लगबगीनं येत म्हणाले, "थांब, थांब. कशालाही हात लावू नकोस. दाखवतो."